खालून आवाज यायलाय

मोटारगाडीचे पुढचे चाक ज्या लोखंडी हाताने गाडीच्या अंगाशी जोडलेले असते, आणि ज्यास गॅरेजात लोअर आर्म म्हणतात, तो हात लोखंडाला लोखंड भिडवून आवळला, तर रस्त्यावरच्या प्रत्येक खड्याची वर्दी बसणाऱ्याच्या माकडहाडाला विनाविलंब पोहोचेल. आणि तोच सैल सोडला, तर कोठे जायचे हे चाक स्वतःच्या मर्जीने ठरवू लागेल. या दोन्ही आपत्ती टळाव्यात म्हणून त्या दोन लोखंडांच्या मध्ये, एका पोलादी नळीभोवती, रबराचे जाड कडे बसवलेले असते, त्यास बुश असे म्हणतात. सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थाचे जे काम, तेच बुशाचे: दोन्हीकडचे ऐकून घ्यायचे, एका बाजूचा कठोर शब्द दुसऱ्या बाजूला मऊ करून पोहोचवायचा, दोघांच्या ओढाताणीत स्वतः पिळून निघायचे, आणि सारे सुरळीत आहे तोवर आपण तेथे आहोत हे कोणाला जाणवूही द्यायचे नाही. मध्यस्थाची आठवण बोलणी फिसकटल्यावर निघते. बुशाची आठवण "खालून आवाज यायलाय" हे वाक्य गाडीत प्रथम उच्चारले जाते तेव्हा निघते, आणि हे वाक्य जिच्यात कधीच उच्चारले गेले नाही अशी पाच-सात वर्षे वापरलेली गाडी नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत सापडणे अवघड आहे.

बुशाची रचना दिसते तितकी साधी नसते. आतली पोलादी नळी बोल्टने गाडीला घट्ट आवळलेली असते, बाहेरचे कडे आर्ममध्ये दाबून बसवलेले असते आणि मधले रबर कारखान्यातच या दोहोंना कायमचे चिकटवलेले असते; त्यामुळे चाक वर-खाली होताना तेथे काहीही घसरत नाही की फिरत नाही, केवळ रबर पिळले जाते आणि पुन्हा पूर्ववत होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे ज्या अनर्थाचे वर्णन यावयाचे आहे त्याचे मूळ येथेच आहे. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांत या आर्मला दोन बुश असतात: पुढचा लहान आणि कडक, स्टेअरिंग फिरवताच चाकाने मुकाट्याने आज्ञा पाळावी म्हणून, आणि मागचा मोठा व मऊ, चाक खड्ड्यात आपटले की ते किंचित मागे सरून धक्का पचवता यावा म्हणून. मागच्या बुशाच्या रबरात निर्मात्याने मुद्दाम ठेवलेल्या अर्धचंद्राकृती फटी असतात, ज्यांच्यामुळे रबराला एका दिशेने अधिक दबता येते. दोन्हीकडचे आर्म ज्या आडव्या चौकटीवर बसतात, तिला पुस्तकात सबफ्रेम आणि गॅरेजात क्रॉस मेंबर म्हणतात; लहान गाड्यांत ही चौकट बहुधा थेट बोल्टने आवळून टाकतात, परंतु मोठ्या व महाग गाड्यांत तिच्या कोपऱ्यांनाही रबरी बुश देण्याची पद्धत आहे. श्रीमंतांच्या घरी मध्यस्थांनाही मध्यस्थ लागतात, ही गोष्ट अन्य क्षेत्रांतूनही सुपरिचित आहे.

या विषयाच्या अभ्यासाला नांदेड-लातूर हा पट्टा जितका अनुकूल आहे तितका क्वचितच दुसरा असेल. या दोन जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले, नांदेडने शंकरराव चव्हाण व अशोक चव्हाण आणि लातूरने शिवाजीराव पाटील निलंगेकर व विलासराव देशमुख; त्यातही १९८६ आणि २००८ अशा दोन्ही वेळी मुख्यमंत्रिपद लातूरकडून थेट नांदेडकडे गेले. सत्ता या मार्गाने दोनदा गेली तेव्हा तिला फारसा धक्का बसला नसेल. मोटारीने जाणाऱ्यांना मात्र लोहा, माळेगाव, अहमदपूर आणि चाकूर या गावांनी दीर्घकाळ आपापल्या परीने धक्के दिले. याचे कारण शोधू जाता दोष केवळ ठेकेदारावर टाकण्याची जी लोकप्रिय प्रथा आहे, ती शास्त्राला पुरती मान्य होण्यासारखी नाही. मराठवाड्याच्या बऱ्याच भागातील काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, जे पाणी मिळाले की फुगते आणि सुकले की आक्रसते. त्यामुळे पावसाळ्यात वर उचललेली आणि उन्हाळ्यात भेगाळून खाली बसलेली जमीन पाठीवरच्या डांबरी रस्त्यालाही आपल्याबरोबर उठवते आणि बसवते. पिकासाठी सोन्यासारखी मानली जाणारी माती रस्त्यासाठी मात्र कुरबुरखोर ठरते, आणि ठेकेदाराला ही गोष्ट ठाऊक असूनही तो दर वर्षी नव्याने आश्चर्यचकित होतो, एवढाच दोष त्याच्या पदरी घालता येईल.

राष्ट्रीय महामार्ग ३६१ च्या रुंदीकरणानंतर या परिस्थितीत मोठा फरक पडला हे मान्य केलेच पाहिजे, आणि आता बुशांचे युग संपले असा काही भाबड्या लोकांचा समजही झाला. परंतु कोणीही महामार्गावर राहत नाही. प्रत्येकाला अखेर महामार्ग सोडून गावात, गल्लीत आणि घरात जावे लागते, आणि बुशाचे खरे आयुष्य त्या शेवटच्या तीन किलोमीटरांत खर्ची पडते. शिवाय गुळगुळीत रस्त्यामुळे चालकाच्या अंगी जो वेग आणि जो विश्वास भिनतो, तो घेऊनच तो सर्व्हिस रोडवरील पहिल्या गतिरोधकाला भेटतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गतिरोधक १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी त्यावरून फारशी तक्रार न करता जाऊ शकते. गावोगावचे गतिरोधक मात्र अशा सूचना वाचून बांधलेले नसतात. एखाद्या घरापुढे अपघात होतो, संध्याकाळी सभा भरते, दुसऱ्या दिवशी उरलेल्या बांधकामाचे काँक्रीट येते, आणि राग जितका मोठा तितकी उंची ठेवली जाते. रुंदीचा विचार राग ओसरल्यावर करायचा असतो, पण तोपर्यंत काँक्रीट वाळलेले असते. त्यावर पांढरे पट्टे मारण्याचे काम पुढच्या सभेवर सोपवले जाते. अशा गतिरोधकावरून पुढची चाके जेव्हा खाली उतरतात, तेव्हा मागच्या मऊ बुशाला जे सोसावे लागते त्याची दखल गावच्या इतिवृत्तात घेतली जात नाही.

या मार्गावरील वाहतुकीचे स्वरूपही लक्षात घेण्याजोगे आहे. दहावी-बारावीच्या निकालांमुळे प्रसिद्धी पावलेल्या 'लातूर पॅटर्न'पायी आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबांची गाडी दर रविवारी लातूरला शिकायला ठेवलेल्या मुलांकडे धावते, आणि तिच्यात पालक, आजी, आठवड्याचा फराळ, धुतलेले कपडे, पाण्याचे वीस लिटरचे जार आणि "यंदा किती मार्क पडतील" ही चिंता, असा ऐवज असतो. यांतील शेवटच्या बाबीचे वजन कोणत्याही उत्पादकाने आपल्या माहितीपत्रकात गृहीत धरलेले नाही. लातुरातील गंजगोलाईच्या भोवती, जेथे सोळा रस्ते एकत्र येतात, स्टेअरिंग एकसारखे डावी-उजवीकडे फिरवत जावे लागते आणि त्या प्रत्येक वळणाला पुढचे बुश पिळून निघतात. अर्थात पूर्वीची काळीपिवळी जीप याहून कितीतरी अधिक माणसे वाहत असे, पण तिला पाटे होते, ती मुळातच आवाज करत असे, आणि तिच्यात बसणाऱ्याला खालून आवाज येत नसता तर उलट चिंता वाटली असती.

आता त्या आवाजाकडे वळू. आवाज प्रथम ऐकू येतो तो नेहमी शेजारी बसलेल्या व्यक्तीला, आणि चालक तो सर्वांत शेवटी मान्य करतो, हा नियम बिनतोड आहे. पत्नीने आवाजाचा उल्लेख केल्यावर पती प्रथम गाणे मोठे करतो. आवाज गाण्यावर मात करू लागला की "डिकीत जॅक हलायलाय" असा निष्कर्ष काढला जातो. जॅक कापडात गुंडाळून ठेवल्यावरही आवाज राहिला तर दोष स्टेपनीकडे, स्टेपनीकडून आजीच्या स्टीलच्या डब्याकडे आणि डब्याकडून रस्त्याकडे सरकतो. वास्तविक आवाजाची जात नीट ओळखली तर अर्धे निदान घरबसल्या होऊ शकते. लहान लहान खाचांवरून हळू जाताना एकसारखी खटखट येत असेल, तर बहुधा स्टॅबिलायझरची लिंक गेलेली असते. वळणावर गाडी एका बाजूला कलू नये म्हणून दोन्ही चाकांना जोडणारा जो दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना ही लिंक असते. त्याच दांड्याचे रबर वाळले की गतिरोधकावर कुईकुई सुरू होते, आणि कित्येक जण ती सीटची समजून सीटवर तेल सोडतात. ब्रेक दाबताना किंवा सोडताना एकदाच 'धप्' असा दबका आवाज येऊन गाडी किंचित बाजूला सरकली, तर मात्र लोअर आर्मचा मागचा बुश फाटला आहे असे धरून चालावे. चाकाला मागे-पुढे हलण्याची मुभा मिळते, त्याची दिशा ब्रेक दाबल्याबरोबर बदलते आणि काही महिन्यांत टायर एका कडेने गुळगुळीत होतो. टायरच्या दुकानदाराचे "आतून खायलंय" हे दोन शब्द या दीर्घ प्रक्रियेचे अचूक वर्णन आहे.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस त्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, त्याला चालवून, पळवून, वळवून पाहतो आणि मगच रुमालाखाली बोटे धरतो. तोच माणूस जुनी मोटार घेताना हॉर्न वाजवतो, एसीपुढे हात धरतो, बॉनेट उघडून गंभीरपणे आत बघतो आणि बंद करतो; खाली वाकून आर्मकडे पाहावे, ही सूचना त्याला अपमानास्पद वाटते.

गॅरेजातील तपासणी टॉमी नावाच्या लोखंडी पहारीने होते. गाडी जॅकवर उचलून आर्म आणि क्रॉस मेंबर यांच्यामध्ये टॉमी घालतात आणि जोर देऊन पाहतात. चांगला बुश थोडा दबून परत येतो, फाटलेला मोकळेपणाने हलतो. येथे एक अडचण संभवते. मागच्या बुशातील त्या अर्धचंद्राकृती फटी, ज्या कारखान्याने हेतुपूर्वक ठेवल्या, त्या टॉमीच्या जोराने आ वासतात, आणि मिस्त्री मालकाला खाली बोलावून, टॉर्च मारून, "बघा साहेब, कसं फाटलंय" असे म्हणतो. साहेबाने आयुष्यात पूर्वी कधीही बुश पाहिलेला नसल्याने तो "अरे बापरे" म्हणतो. याच रीतीने अनेक निरोगी बुश निवृत्त झाले असावेत, आणि खरोखर फाटलेले शेजारचे मात्र कोणी न पाहिल्यामुळे सेवेत राहिले असावेत. फट कोणती आणि फाट कोणती हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे: फटीची कड गुळगुळीत व दोन्ही बाजूंच्या आर्मला सारखी असते, फाट खरबरीत असते आणि ती बहुधा रबर जेथे लोखंडाला चिकटले आहे तेथूनच सुरू होते.

दुसरा प्रचलित उपाय काळ्या ऑइलचा. बैलगाडीच्या आखाला वंगण देत आलेल्या प्रदेशात कुरकुरणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल पाजावे ही श्रद्धा स्वाभाविक आहे, आणि इंजिनातून काढलेले जुने ऑइल ब्रशने बुशावर मारले की कुरकुर लगेच थांबते, हेही खरे. पण खनिज तेल नैसर्गिक रबरात मुरते, ते फुगवते आणि मऊ पाडते, त्यामुळे आठ दिवस गप्प बसलेला बुश नंतर जे बोलतो ते आधीपेक्षा मोठ्याने. त्यात एप्रिल-मे महिन्यांत चाळिशीच्या वर चढणारा पारा, इंजिनाची धग आणि हवेतला ओझोन हे सगळे मिळून रबराला आधीच तडे पाडत असतात. चार्ल्स गुडइयर या अमेरिकनाने १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवले की ते उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात ठिसूळ होत नाही, हा शोध लावला, आणि १८६० मध्ये तो कर्जबाजारी अवस्थेत वारला; त्याचे नाव लावणारी टायर कंपनी त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी निघाली आणि तिच्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. रबराने ज्यांचे भले केले त्यांच्यात रबराच्या जवळचे फार थोडे होते.

बुश गेलेला आहे हे सर्वसंमत झाले की सुधारणेचा प्रश्न उभा राहतो, आणि येथे कुटुंबातील तरुण पिढी प्रवेश करते. तिने मोबाइलवर पाहिलेले असते की परदेशातील हौशी मंडळी रबराचे बुश काढून त्या जागी जांभळ्या, लाल किंवा पिवळ्या रंगाचे पॉलियुरेथेनचे बुश बसवतात. हा पदार्थ जर्मनीत ओटो बायर व त्याच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधला, आणि मराठवाड्यालाही तो नवा नाही, कारण ट्रकच्या पाट्यांत 'पीयू बुश' या नावाने तो पूर्वीपासून नांदत आहे. रबराचा कडकपणा मोजण्याची शोर नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यावर गाडीतले मूळ रबर सामान्यतः पन्नास ते सत्तरच्या दरम्यान भरते, तर पॉलियुरेथेन ऐंशी-नव्वदच्या घरात जाते. तेलाने ते बिघडत नाही, लवकर फाटत नाही, स्टेअरिंग अधिक नेमके होते आणि वळणावर गाडी कमी डगमगते. एवढे ऐकून मन मोहरावे हे साहजिक आहे. परंतु ते नळीला चिकटवलेले नसून नळीभोवती फिरते, म्हणून त्याला वेळोवेळी सिलिकॉनचे ग्रीस द्यावे लागते, न दिल्यास ते स्वतःच कुईकुई करते. आणि मागच्या मऊ बुशाच्या जागी ते भरीव बसवले की चाकाला मागे सरून धक्का पचवण्याची जी सोय होती ती संपते आणि तो धक्का जसाच्या तसा क्रॉस मेंबरला, तेथून गाडीच्या अंगाला आणि तेथून आजीच्या पाठीला पोहोचतो. ज्या देशात शर्यतीचे गुळगुळीत मैदान आहे तेथे हा व्यवहार परवडतो. लोह्याजवळच्या सर्व्हिस रोडवर तो ज्यांना परवडतो, त्यांच्या मागच्या सीटवर कोणी बसत नसते.

स्पेअर पार्टच्या दुकानातील काउंटरवर हा वाद मिटवण्याचा प्रयत्न होतो. दुकानदार एकाच आकाराच्या तीन खोक्यांची क्रमाने ओळख करून देतो: एक 'कंपनी', एक 'ओईएम', म्हणजे कंपनीला माल पुरवणाऱ्याचाच पण कंपनीच्या खोक्याविना, आणि एक 'लोकल', जो "सेम टू सेम" असतो. चौकशी केल्यास असेही कळते की कंपनी नुसता बुश पुष्कळदा विकतच नाही, पूर्ण आर्मच घ्यावा लागतो. मग लोकल बुश घेऊन लेथवाल्याकडे जावे, तेथे प्रेसवर जुना काढून नवा दाबावा, असा मधला मार्ग निघतो. प्रेस बंद असली तर गॅसच्या ज्वाळेने जुने रबर जाळून काढतात, काळा धूर उठतो आणि गल्लीतील लोक काही वेळ त्या कुटुंबाची आस्थेने चौकशी करतात. या सर्व धांदलीत नवा बुश ज्या कोनात बसवायचा त्याची त्याच्या कडेवर कोरलेली खूण कोणाला दिसत नाही, आणि मऊ बाजू जिकडे हवी तिच्या नेमकी उलट जाते. ज्याला ही दगदग नको, त्याने दोन्ही बाजूंचे पूर्ण आर्म घ्यावेत. एकच बाजू बदलून दुसरी "अजून चालतीय" म्हणून ठेवण्यात पैसे वाचत नाहीत, फक्त पुढे ढकलले जातात.

अनर्थ मात्र याही पुढचा आहे, आणि तो उत्तम बुश आणणाऱ्यालाही चुकत नाही. काम चालू असताना गाडी जॅकवर किंवा दोन खांबांच्या लिफ्टवर हवेत असते, चाके खाली लोंबत असतात आणि आर्म शेवटच्या टोकापर्यंत उतरलेला असतो. मिस्त्री त्याच अवस्थेत सर्व बोल्ट पूर्ण ताकदीने आवळतो, कारण हाताशी पाना आहे, समोर बोल्ट आहे आणि बाहेर दुसरी गाडी थांबली आहे. पण बुशातली नळी आणि रबर एकमेकांना चिकटलेले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवलेच असेल. बोल्ट आवळताच रबराने त्या लोंबत्या स्थितीला आपली स्वाभाविक स्थिती मानलेले असते. गाडी जमिनीवर उतरते, आर्म वर येतो आणि रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत अडकते. पुढे गाडी नुसती अंगणात उभी असली तरी ते पिळलेलेच राहते, आणि गतिरोधक आला की आणखी पिळले जाते. सहा-आठ महिन्यांत ते चिकटलेल्या जागेपासून सुटते, आवाज परत येतो, आणि सर्व संबंधित पक्ष एकमुखाने "हल्ली मालच चांगला येत नाही" असा निर्णय देतात.

म्हणूनच या प्रदेशापुरता निष्कर्ष काढायचा तर तो असा की सर्वांत मोठी सुधारणा जांभळ्या रंगात नाही, ती गॅरेजातील खड्ड्यात आहे. जुन्या गॅरेजांत जमिनीत जो लांबट खड्डा खणलेला असतो आणि ज्याला नव्या चकचकीत लिफ्टवाल्यांनी मागासलेपणाची खूण ठरवले, त्यावर गाडी आपल्या चारही चाकांवर, आपले पूर्ण वजन घेऊन उभी असते, आणि मिस्त्री खाली उतरून नेमक्या योग्य स्थितीत बोल्ट आवळू शकतो. चार खांबांच्या रॅम्पवरही हे साधते. दोन खांबांच्या लिफ्टवर काम असेल तर आर्मखाली दुसरा जॅक लावून, गाडीचे वजन त्यावर येईपर्यंत तो उचलून मग आवळता येते, फक्त त्यासाठी दहा मिनिटे जास्त लागतात. पॉलियुरेथेनला ही अट नाही, कारण ते फिरते. पण ज्यांना आजीसह प्रवास करायचा आहे त्यांनी मूळ मापाचे, चांगल्या प्रतीचे रबरच वापरावे, त्याला तेल लावू नये, आणि काम झाल्यावर अलायमेंट करून घेतल्याशिवाय नवे टायर घालू नयेत.

तेव्हा बुश बदलायला गाडी दिलेल्या वाचकांनी गॅरेजच्या बाहेर चहा पीत उभे न राहता, शेवटचा बोल्ट आवळण्याच्या वेळी आत जावे, वाकून पाहावे, आणि चाके हवेत लोंबत असतील तर मिस्त्रीला नम्रपणे थांबवावे.